चौथी टाचणी

मंगळवार, ता. १२, दुपार

प्रिय बाईसाहेब,

आम्ही बापलेक मजेत आहोत. तू अभ्यासाला लाग, इकडची काळजी नको. फोन लागत नाही म्हणून तणतणत असशील. ठकूने तो चावून चावून लाळेत पार भिजवला, म्हणून बंद आहे. सध्या तिला काहीही चालतं, चप्पल, मापाची टेप, माझा कान. दाढा येताहेत ना. गाल लाल, हनुवटी सदा ओली, आणि खाली ठेवलं की भोंगा सुरू.

थांब, उठलीच. येतो.

हं, बसलो परत. तिला कडेवर घेऊन दुकानात येरझारा घालत होतो. माझ्याही पायाला भिंगरी लागली आहे, एका जागी बसवत नाही. कोपऱ्यावरच्या वकिलांचा कोट कालच द्यायचा होता, त्याचं अस्तर अजून लटकतंय. तुझा नर्सिंगचा पहिला पेपर सोमवारी ना? मागच्या वेळी ठकूसाठी शिक्षण अर्धवट सोडलंस. या खेपेला मधेच आलीस तर पुन्हा घेणार नाहीत, हे तूच निघताना सांगितलंस. म्हणून म्हणतो, काहीही कळलं तरी बॅग भरायची नाही.

आता काहीही म्हणजे काय, असं विचारशीलच. बरं, ऐक. फोन धडधाकट आहे. माझं तोंड नाही. नुसतं हॅलो म्हटलं असतं तरी तू ओळखलं असतंस.

माझा खालचा पुढचा दात, ज्याने मी दोरा तोडतो, तो गेला. कात्री हाताशी असताना दात कशाला लावतोस, म्हणून तू किती वेळा ओरडलीस! पण हात कोटात गुंतलेले असले की तोंडच पुढे होतं, सवय म्हणजे सवय. दात तडकला, आत पू झाला, हनुवटीचा भोपळा झाला. तरी मी लवंग चघळत दिवस ढकलले. ठकूला कुणाकडे ठेवणार? तुझ्या आईला बोलावू या म्हणालीस तेव्हा मीच फणकारलो होतो, आमचं आम्ही बघू म्हणून. आता कोणत्या तोंडाने बोलावणार होतो?

शेवटी काल सकाळी तिला घेऊनच दाताच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. ती मांडीवरून उतरेना. एका खुर्चीत आम्ही दोघं. मी आ केला, तसा तिनेही केला. बाईंनी आधी तिच्याच तोंडात डोकावून पाहिलं, दाढ आज-उद्या वर येईल म्हणाल्या. मग माझा दात उपटला. ओठ संध्याकाळपर्यंत बधिर राहील, घरी जाऊन गप पडा, असं बजावलं.

पडतोय कसला. ठकू झोपली तशी कोट मांडीवर घेतला.

हे पुढचं सांगू नये, असं समोरचा इस्त्रीवाला म्हणाला. पण माझ्या पोटात राहत नाही.

सवयीने चार टाचण्या ओठांत धरल्या. अस्तराला तीन लावल्या आणि ठकू किंचाळत उठली. तिला उचलून मांडीवर घेतलं. ती मूठ तोंडात कोंबून काहीतरी करकरा चावत होती, रडत होती, लाळ गळत होती. चौथीसाठी मी हात तोंडाकडे नेला, तर ओठांच्या फटीत बोटांना काही लागेना. कोटावर नाही, फरशीवर नाही. मी तिच्या तोंडात बोट घातलं. ती कडकडून चावली. आत काहीतरी टोकदार लागलं, मी ते ओढायला गेलो, तर ते हलेना. दाढ होती ती. पण टाचणी? गिळली असेल तर?

तिला घेऊन तसाच अनवाणी धावलो, इस्त्रीवाल्याच्या दारात. टाचणी, टाचणी, एवढंच ओरडत होतो, तेही नीट उमटत नव्हतं. त्याने इस्त्री उभी केली, माझ्याकडे टक लावून पाहिलं.

"मास्तर, हलू नका. टाचणी तुमच्याच ओठात रुतली आहे."

त्यानेच ती उपटून काढली. शर्टावर रक्त ओघळलं होतं, मला पत्ताच नव्हता. ठकू माझ्याकडे बघून हसायला लागली. मी मात्र तिथेच पायरीवर बसलो आणि रडलो. खूप घाबरलो होतो गं.

मग त्याच पायरीवरून तुझ्या आईला फोन लावला. "आई" एवढंच धड म्हणता आलं, पुढचं सगळं फसफस.

"जावईबुवा, बोलू नका. मी येते."

आज संध्याकाळी पोचतील. मी उशा उन्हात टाकल्या आहेत, डाळ भिजत घातली आहे. त्यांनी चार शब्द सुनावले तर मुकाट्याने ऐकून घेईन. टाचण्यांची उशी आता मनगटाला बांधली आहे. तू यायचं नाहीस. पेपर लिहायचे, सगळेच्या सगळे.

कागदाचा कोपरा ओला आणि चेचलेला दिसेल. ठकूने चावलाय. मी शेजारीच होतो, पण मुद्दाम लगेच ओढून घेतला नाही. तिची नवी दाढ तुला तेवढीच बघता येईल.

दोरा कात्रीनेच कापणारा,
तुझा मास्तर