होडीतल्या संडासाची कडी

माझ्या लाडक्या विरोधी पक्षास,

मी ठणठणीत आहे. जेवतो वेळेवर, बहुतेकदा. आईंचा खोकला कसा आहे?

माझ्यासोबत होडीवर राहायला येण्यासाठी घातलेली तुझी अट पुरी झाली. होडीत संडास बांधला! बादलीवर लाकडी बैठक, लघवीला वेगळा डबा, वर टाकायला भुसा. वास येत नाही, सगळ्याचं खत होतं. ज्या पाण्यावर जगायचं त्यातच घाण सोडणं हा गुन्हा आहे, असं सुताराला ठणकावलं.

तो म्हणाला, "भाषण पुरे, काका. एकट्या माणसाला दार कशाला? तेही आतून कडीचं?"

कडी मात्र बसवून घेतली. बैठक तुझ्या गुडघ्यांना सोसेल एवढी उंच केलीय. माझे पाय लोंबकळतात.

जन्मभर मागण्याच केल्या. ही विनवणी आहे: ये.

तुझाच,
भाषणबाज