बारा पत्रांतील खाडाखोडीबाबत

दिनांक : १२ मार्च

प्रति,
मा. परवाना अधिकारी,
परदेशी नोकरी नोंदणी कार्यालय

विषय : इंग्रजी शिकवण्यासाठी परदेशी शिबिराला निघालेल्या माझ्या नातीचा प्रस्थान परवाना, तेथे खरोखर विद्यार्थी आहेत याची खात्री होईपर्यंत रोखून ठेवणेबाबत.

संदर्भ : माझा दि. ३ मार्चचा अर्ज व त्यावरील आपल्या कार्यालयाचा शेरा, ‘कागदपत्रे परिपूर्ण आहेत.’

महोदय,

१. ज्या वर्षी माझी नात पहिलीत गेली, त्या वर्षी मी अठ्ठावन्न वर्षांचा होतो आणि मला स्वतःचे नाव लिहिता येत नव्हते. लाँड्रीत इस्त्री करायचो. कपड्यांवरच्या खुणा ओळखता आल्या की काम भागत असे. नात शाळेतून आली की मला समोर बसवून शिकवी. तिच्या हाताखाली शिकलेला पहिला विद्यार्थी मीच. तेव्हा ही तक्रार तिच्या लायकीबद्दल नाही, हे आधीच नमूद करतो.

२. नात आता बावीस वर्षांची आहे. एका संस्थेने तीन महिन्यांच्या इंग्रजी शिबिरासाठी तिची निवड केली असून ती २७ तारखेला निघणार आहे. तिची तयारी जोरात चालू आहे. आमच्या दारावर, खिडकीवर, पाण्याच्या पिंपावरसुद्धा इंग्रजी नावे चिकटवली आहेत. तिने रंगवलेली दीडशे चित्रकार्डे वाकली होती, ती मीच इस्त्री फिरवून सरळ करून दिली. तिच्या जाण्याला माझा विरोध नव्हता.

३. त्यानंतर तेथील विद्यार्थ्यांची बारा पत्रे आली. ‘तुम्ही कधी येता, आम्ही शिकायला आतुर आहोत,’ असा त्यांत मजकूर असल्याचे नातीने वाचून दाखवले. मला इंग्रजी येत नाही, पण पान हातात धरून पाहता येते. नवशिका माणूस पेन्सिल कुदळीसारखी धरतो. कागदाच्या मागच्या बाजूला अक्षर बोटाला लागते. ओळ वर चढते, शेवटी जागा संपते आणि उरलेली अक्षरे दाटीवाटीने कोंबावी लागतात. ही बाराही पाने पाठीमागून गुळगुळीत आहेत. एकाही पानात खाडाखोड नाही. घड्याही एकाच हाताच्या आहेत. एवढे तर मी डोळे मिटून सांगू शकतो.

४. हे घरात सांगितल्यावर मुलगा म्हणाला, “बाबांना शर्टाच्या घडीतही चोर दिसतो.” नात म्हणाली, “आजोबा, मुलं चुकत नाहीत म्हणून तुमच्या पोटात दुखतंय होय?” तिने ही गंमत संस्थेच्या बाईंनाही सांगितली. बाई खूप हसल्या म्हणे. दोनच दिवसांत त्यांनी बारा नवी पत्रे पाठवली. परदेशातून दोन दिवसांत टपाल कसे आले, हे मला कोणी समजावून सांगितले नाही. या खेपेस प्रत्येक पत्रात एक चूक खोडलेली आहे. बाराही पत्रांत ती तिसऱ्या ओळीतच आहे.

५. सोबत आणायच्या वस्तूंची यादीही जोडली आहे : न घसरणारे बूट दोन जोड, केस झाकायची टोपी, कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे आणि वीस किलो वजन उचलता येत असल्याचा डॉक्टरी दाखला. खडूचे नाव नाही. पोहोचताच पासपोर्ट ‘सुरक्षिततेसाठी’ जमा करायचा आहे. नात म्हणते, “शिबिर आहे आजोबा, तिथे सगळेच सगळी कामं करतात.” करत असतीलही. परंतु कोपरापर्यंतचे हातमोजे कशाला लागतात, हे चाळीस वर्षे लाँड्रीत काढलेल्या माणसाला कोणी सांगायला नको.

६. पहिला अर्ज देताना आपल्या खिडकीवरील लिपिक म्हणाले, “अहो बाबा, पोरगी कर्तबगार निघाली, पेढे वाटायचे सोडून इथं कशाला पायऱ्या झिजवताय?” त्यांचा राग नाही. त्यांच्यासमोर कागद पूर्ण होते. माझे म्हणणे एवढेच की कागद फारच पूर्ण आहेत.

७. तरी विनंती की आपल्या तेथील प्रतिनिधीने शिबिरात समक्ष जावे, कोणाही एका विद्यार्थ्याच्या हाती पेन्सिल द्यावी आणि त्याला आपल्यासमोर चार ओळी लिहायला सांगावे. ते पान मला दाखवावे. त्यात एक जरी खरी चूक दिसली तरी मी नातीची पेटी स्वतः उचलून गाडीत ठेवीन आणि संस्थेच्या बाईंची हात जोडून माफी मागेन.

८. हा अर्ज मी नातीला न सांगता करत आहे. तिला कळले तर ती माझ्याशी बोलणे टाकील. ते मी सोसेन.

आपल्या उत्तरासाठी रोज कार्यालयात येणारा,
(सही)
अर्जदार, निवृत्त इस्त्रीवाला

सोबत :
अ) विद्यार्थ्यांची पत्रे, पहिली बारा व नंतरची बारा
आ) माझी अक्षरओळखीची पहिली वही, तुलनेसाठी
इ) वस्तूंची यादी
ई) जुनी पत्रे, सात

जोडपत्र ‘ई’बाबत खुलासा : ही माझ्या थोरल्या बहिणीची पत्रे आहेत. मुले सांभाळण्याच्या कामावर म्हणून ती परदेशी गेली होती. आमच्या घरात लिहितावाचता येणारी ती एकटीच. तिची पत्रे आम्ही शेजारच्या कंपाउंडरकडून वाचून घेत असू, आणि प्रत्येकात ‘मी खुशाल आहे’ असे असे. मी ती स्वतः प्रथम वाचली तेव्हा एकोणसाठ वर्षांचा होतो. पहिल्या चार पत्रांतले अक्षर तिचे आहे. शेवटची तीन दुसऱ्या कोणाच्या तरी हातची असून त्यांवर १८ नोव्हेंबर, २० डिसेंबर व २ फेब्रुवारी अशा तारखा आहेत. मृत्यूचा दाखला जूनमध्ये आला. त्याप्रमाणे माझी बहीण ९ नोव्हेंबर रोजी, वयाच्या तेविसाव्या वर्षी, तिकडेच वारली.