चौदापैकी तेरा

१२ सप्टेंबर २००५
निदान झालं. सूज आहे. मी पहिल्यापासून म्हणत होतो, आमच्या कादंबरीला वेडबीड काही लागलेलं नाही. पाच महिने पोरगी हसत नाही, रॅकेट पलंगाखाली पडलीय, कॉलेज मनात आलं तर. यावर सुमेधा रडते. मी कारण शोधतो. आई आणि बाप यांत हा फरक.
इथे इतक्या दूर उत्तरेत हॉस्पिटलातल्या डॉ. देवधर आपल्या साताऱ्याकडच्या निघाल्या, निम्मं काम तिथेच झालं. असल्या आजाराच्या अगदी सुरुवातीच्या पेशंटांवर त्या अभ्यास करतायत. रक्त तपासलं. सीआरपी ८.४. हवं तीनच्या आत. म्हणजे शरीरात कुठेतरी सूज. पुढे बाई बरंच बोलल्या: काही पेशंटांत सूज आणि कशातच मजा न वाटणं बरोबरीने दिसतं, संबंध काय ते अजून शोधतोय, आकडा साध्या सर्दीनेही वाढतो. डॉक्टरांना असं बोलावंच लागतं. सूज म्हणजे सूज. माझ्या गुडघ्याला आली होती, उतरली.

१३ सप्टेंबर, सकाळी ६
संकल्प: दोन वेळा हळदीचं दूध. आंबट बंद. सेक्टर १७ चे गोलगप्पे बंद. (तसे एप्रिलपासून ती मागतच नाही. तरी बंद.)

२१ सप्टेंबर
दूध नियमित. कादंबरी एका शब्दाने कुरकुरत नाही. शिस्त लावली की मुलं ऐकतात.

२४ सप्टेंबर
मनीप्लांटच्या कुंडीतली माती पिवळीधमक. सुमेधाने नेऊन दाखवली. मी म्हटलं, झाडालाही सूज असेल. सुमेधा हसली नाही. या घरात कुणीच हसत नाही, तपासणी मात्र एकीचीच झाली.
उद्यापासून दूध माझ्यासमोर प्यायचं.

३ ऑक्टोबर
सीआरपी २.१!! ऑफिसात पेढे वाटले. चड्ढासाहेबांनी विचारलं, बेटी का रिश्ता पक्का हुआ क्या. म्हटलं, त्याहून मोठं काम झालं.
संध्याकाळी कादंबरीला पेढा दिला. खाल्ला. कसा होता विचारलं तर म्हणाली, मीठा था.

४ ऑक्टोबर
डॉक्टरबाई आकड्यावर खूश नाहीत. त्यांचा सगळा जीव एका हिंदी प्रश्नावलीत. चौदा वाक्यं. आवडतं गाणं लागलं की छान वाटतं, ओळखीचं माणूस भेटलं की बरं वाटतं, असली. पुढे खुणा करायच्या, ‘बिल्कुल सहमत’पासून ‘बिल्कुल असहमत’पर्यंत. प्रत्येक ‘सहमत’ला एक मार्क. कादंबरीला चौदापैकी तीन. अठरा तारखेला पुन्हा असंच आलं तर गोळ्या सुरू करू म्हणाल्या.
गोळ्या म्हणजे कागदोपत्री शिक्का. उद्या स्थळं बघायला निघालो की काय सांगायचं लोकांना? आणि तीन मार्क? दहावीला ब्याण्णव टक्के मिळवलेली मुलगी! सरळ आहे, पेपरची तयारी नव्हती.

५ ऑक्टोबर
प्रश्नावली आठवून आठवून फुलस्केपवर उतरवली. रोज सात ते आठ सराव. प्रमोशनची परीक्षा मी सरावावरच काढली (दुसऱ्या खेपेस).
ओळखीच्या माणसाच्या वाक्याला तिने ‘असहमत’ची खूण केली. समजावलं, असं करायचं नसतं. म्हणाली, लेकिन बाबा, सच में अच्छा नहीं लगता. म्हटलं, पेपरात खरंखोटं नसतं, अपेक्षित उत्तर असतं. तिने खोडून नीट केलं. हुशारच आहे.

१० ऑक्टोबर
सहज म्हणून पेपर स्वतः सोडवून पाहिला. पाच. प्रश्न फार मोघम आहेत. पेपर काढणाऱ्याला अनुभव नाही.

१८ ऑक्टोबर
चौदापैकी तेरा! एक मुद्दाम चुकवायला सांगितला होता, संशय नको. बाईंनी जुना पेपर काढून शेजारी ठेवला. मग म्हणाल्या की इतकी सुधारणा असेल तर गोळ्या तूर्त नकोत, जानेवारीत या. स्कूटरवर येताना मी शाबासकी दिली. थँक यू बाबा, म्हणाली.

२ नोव्हेंबर
चकली दिली. मी विचारायच्या आतच म्हणाली, बिल्कुल अच्छी लगी. दुपारी अर्धी तिच्या उशीखाली सापडली. नंतर खायला ठेवली असणार.

१९ नोव्हेंबर
कॉलेजचं पत्र. महिनाभरात एकही हजेरी नाही. सुमेधा म्हणते, चार दिवस अंघोळही नाही. इथली थंडीच तशी. गीझर बघायला हवा.

२७ नोव्हेंबर
माझं पंजाबी ऐकून ही पोरगी पोट धरून लोळायची. आज तिला मुद्दाम गेटपर्यंत नेलं आणि भाजीवाल्या बाप्याला ‘पैणजी’ म्हणून हाक मारली. बहीणजी! तो मिशीतल्या मिशीत हसला.
कादंबरीने आधी माझ्याकडे पाहिलं. मग हसली. बेताचं, हवं तेवढं. मग थांबून पुन्हा माझ्याकडे पाहिलं, बरोबर आलं का म्हणून.
फ्लॉवर घ्यायचा राहिला. मला भीती वाटली. फार भीती वाटली.

२९ नोव्हेंबर
डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. दीड महिना गेला, एवढंच म्हणाल्या. कादंबरीपुढे कोरी प्रश्नावली ठेवली. बाबांनी शिकवलेलं सगळं विसर म्हणाल्या, तुला जे वाटतं तेवढंच लिही.
तिने पेन उघडून पहिल्या वाक्यावर धरलं. मग मान वर करून मला विचारलं, बाबा, इसमें क्या लिखूँ?