मायचे शंभरपैकी शंभर

२ फेब्रु. ९१, धुळे
एम.एड.च्या प्रबंधाचा विषय मंजूर. वृद्धांचं आत्मिक समाधान. वीस प्रश्न, प्रत्येकी पाच गुण. माणूस शंभरपैकी किती शांत, ते आता मी ठरवणार. वा गं बाई! स्वतःचं मोजलं तर काठावर पास.

१० फेब्रु., नरडाणा
पहिला फॉर्म मायचाच. वडील गेल्यापासून घरात एकटी. मी प्रश्न वाचत गेले, ती ज्वारी निवडता निवडता भराभर "पाच, पाच" म्हणत गेली. शंभरपैकी शंभर! केवढं हायसं वाटलं. उगाच जिवाला घोर लावून घेतला होता.

१४ फेब्रु.
मार्गदर्शक सरांनी वर्गात मायचा फॉर्म दाखवला. म्हणाले, समाधान असावं तर असं. मी फुगले. घरी येऊन ह्यांना सांगितलं, मायला इकडे आणायची घाई नको, ती बरी आहे. (ह्यांनाही तेच हवं. खोली एकच.)

२४ फेब्रु., नरडाणा
मायनं दारातच विचारलं, "पास व्हयनी का?" मला आधी कळेचना. मग म्हणाली, "कमी मार्क दिधात तर तुले नापास करतीन, आसं वाटनं माले." पोट धरधरून हसले. मग हसू जिरलं. पुन्हा विचारलं, या वेळी कागद न घेता. सकाळी उठल्यावर जगावंसं वाटतं का?
"नई."
थोड्या वेळानं, "पन हाई लिखू नको."
गाढव मी. तिच्या मार्कांवर निवांत बसले होते.

२५ फेब्रु.
सकाळी निघताना म्हटलं, धुळ्याला चल. तर म्हणे, "तठे तू दिनभर शाळामा. मंग मी तठे बी एकलीच ना." बसमध्ये रडू आवरेना. शेजारच्या बाईनं काही न विचारता खिडकीची जागा दिली.

२७ फेब्रु.
सरांना खरं सांगितलं. फॉर्म बाद करा, दुसरी आजी बघा म्हणाले. त्यांचंही बरोबरच. तरी संताप आला.

१ मार्च
मी शिकवते त्या शाळेत आठ दिवसांची रजा मागतेय. 'आई आजारी' लिहिलं, खोडलं. ताप नाही, खोकला नाही. हेडमास्तर सर्टिफिकेट मागणार, कुठला डॉक्टर देईल? कारणाची जागा कोरी ठेवून अर्ज दिला. उद्या पहिल्या बसनं निघते, मंजूर होवो न होवो. गेल्या गेल्या तिनं "बठ्ठं चांगलं शे" म्हणत पुन्हा सगळंच झाकलं, तर पुढे काय विचारू?