वाटीतलं दूध

१० फेब्रुवारी
बाळ आज कालच्यापेक्षा चमचाभर जास्त प्यायलं! नळीतूनच, पण प्यायलं. सव्वा किलोचा जीव, आठव्या महिन्यातच आलेला.

धाकटी जाऊ सीमा वरच्या वॉर्डात. टाके ओले, त्यात बीपी, उठायची मनाई. ती वाटीत दूध काढते, मी खालच्या नवजात कक्षात नेऊन देते. नर्स हवं तेवढं घेते, उरलेलं मी परत आणते. सीमा आधी वाटीत डोकावते — "एवढंच पेला का जी?"

११ फेब्रुवारी
सासूबाई हिवरखेडहून आल्या. आळिवाची खीर आणली. "खाय माय, दूध उतरते यानं."

सातव्या महिन्यात याच सासूबाई तिच्या ताटातली अर्धी भाकर काढून घेत. "पोर मोठं झालं त पोट चिरा लागते." चिरावं लागलंच शेवटी. वर अंगात रक्त नाही.

मी फोनवर बोलले होते — असं करू नका. एकदाच. त्या तुटक बोलल्या, मग मी विषय काढला नाही. एकदा सांगणं म्हणजे सांगणं का?

१२ फेब्रुवारी
पहाटे बाळ गेलं.

१२, दुपार
सीमाचा नवरा गोपाल त्याला घेऊन गावी निघाला. "वहिनी, सीमाले आताच सांगू नोका. बीपी उतरून नाही राहिला तिचा." मी मान हलवली.

थोड्या वेळानं सीमानं वाटी पुढे केली. मी घेतली! खाली गेले. कक्षाच्या दारापर्यंत गेलेसुद्धा — सवयीनं. मग बेसिनमध्ये ओतलं, नळ सोडला, वाटी विसळून वर नेली.

"पेला का?"

"प्यायला."

१३ फेब्रुवारी
आज तिनं काही विचारलं नाही. नुसती वाटी दिली. मला हलकं वाटलं, तेवढंच खोटं कमी — आणि या हलकं वाटण्याचीच लाज वाटली.

शेजारच्या खाटेवर नांदगावची करिश्मा. तिची मुलगीही खाली काचेत. करिश्माला दूध उतरलेलं नाही, डब्याचं मुलीला पचत नाही. खाली नर्सला विचारलं, सीमाचं दूध तिला चालेल का? "चालेल की! पण आईची तपासणी लागते. तिची सही लागते."

म्हणजे सीमाला सांगावं लागेल.

वर आले. सासूबाई तिला खीर भरवत होत्या. नाही सांगितलं. पुन्हा बेसिन.

१४ फेब्रुवारी
वाटी घ्यायला हात पुढे केला. सीमानं ती सोडलीच नाही.

"ताई, तो होता तवा वाटीत उरत होतं. परवापासून धुतलेली येऊन राहिली."

मी खाटेवर बसले.

"कुठी ठेवलं त्याले?"

"शेतात. निंबाखाली."

तिनं वाटी माझ्या हातात दिली.

"आता फेकू नोका. करिश्माच्या पोरीले द्या. करिश्मा म्हणे, सही लागते. कुठी करा लागते?"