पिचच्या मधातलं झाड

२१ एप्रिल, सोमवार
पयले कबूल करून टाकतो. अंगणातल्या संत्र्याच्या बुडात मीठ मीच टाकलं. आईनं लोणच्यासाठी आणलेलं जाडं मीठ, अख्खा पुडा. वरून पाणीही बंद केलं. झाडाले पाणी द्यायचं काम माह्याकडेच हाय, कोणाले पत्ता लागणार नाही.
पण चूक माही नाही. सौरवची हाय. त्यानं मले टर्फच्या ग्रुपमधून काढलं. काहून? तं म्हणे त्याच्या कीपिंग ग्लोव्हजमधे मी खाजखुजली टाकली. टाकली, हाव. दोन दिवस हात खाजवले तं मरते का माणूस?
आता घरीच टर्फ टाकतो, प्लास्टिकचं गवत. बॉक्स क्रिकेट. अख्ख्या सक्करदरा वस्तीत कोणाच्या घरी नाही. सौरवले मेसेज टाकला: १५ जून, माह्या अंगणात ये, धुतो तुले.
झाड बरोब्बर पिचच्या मधात येते. रामाजी आजोबानं, म्हणजे आईच्या बाबानं, नरखेडच्या बगीच्यातून आणून लावलं होतं. आई त्याले माहेर म्हणते. म्हणो. माहेर पिचच्या बाहेर पायजे.

२ मे, शुक्रवार
पानं गळून राहिली. प्लॅन एकदम बरोबर.
आईचं तोंड उतरलं. म्हटलं, वाळवी लागली असन. मग विचारते, लोणच्याचं मीठ कुठं गेलं? म्हटलं, मुंग्या. आई म्हणे, मुंग्या मीठ कधीपासून खाऊन राहिल्या रे? म्हटलं, यंदा ऊन जास्त हाय.
तिनं आजोबाले फोन लावला. आजोबा म्हणे, मी येईस्तोवर कुऱ्हाड लावू नोका. मेलेल्या झाडाचा एवढा लाड! डोक्षं तापलं. ठीक हाय, झाडाच्या भोवती गोल कापून टर्फ टाकतो. मॅचपर्यंत स्वतःच पडन.

११ मे, रविवार
टाकलं!
माह्या दोस्ताच्या, सुशीलच्या मामाचं टर्फ बंद पडलं, त्याचे जुने रोल. तीन रोल, तीन वेगळे हिरवे. व्हिडिओत म्हणे खाली गिट्टी टाका, लेव्हल करा. आम्ही डायरेक्ट सोल्युशन लावून चिकटवलं. लेव्हल डोळ्यानं पाहिली.
सुशील म्हणे, बे, बॉल आपोआप झाडाकडे जाऊन राहिला. म्हटलं, यालेच होम ॲडव्हांटेज म्हणतात.
बाबा हिंगण्याच्या कंपनीतून शिफ्ट करून आले. चप्पल काढली, तापल्या टर्फवर पाय ठेवला अन् नाचत नाचत घरात गेले. काय बोलले ते लिहत नाही.

२५ मे, रविवार
पंचेचाळीस डिग्री. टर्फ नाही, तवा हाय. सुशीलच्या बुटाचा सोल चिकटून राहिला तिथंच. जोड पापडावानी वर आले. सावली? होती पयले. झाडाची. ते आता नुसत्या काड्या. यात कोणाची चूक, ते लिहायची गरज नाही. (सौरवची.)
उपाय सापडला. कूलरचा पाईप काढून रोज सकाळ-संध्याकाळ टर्फ भिजवतो. दहा मिनिटं थंड राहते. बाकी सगळं पाणी उतारानं झाडाच्या बुडात जाते. जाऊ दे, मेलेल्याले काय फरक पडते?
बाबा म्हणे, कूलर कोरडा अन् प्लास्टिकच्या गवताले पाणी! असा शेतकरी विदर्भात झाला नाही.
घरात कोणालेच स्पोर्ट्सची कदर नाही.

८ जून, रविवार
सौरवले आठवणीचा मेसेज टाकला. त्यानं हसायचे तीन चेहरे पाठवले. पुढच्या रविवारी रडायचे पाठवशील बे.
फांद्यांवर काहीतरी पांढरं दिसून राहिलं. पाखरांची घाण असन.

१४ जून, शनिवार
घाण नाही. फुलं.
अख्खं झाड पांढरं! मधमाश्या एवढ्या की बॉलिंग टाकाले गेलो तं मानेवर चावली. वासानं शेजारच्या इंदूबाई भिंतीवरून डोकावल्या. आई रडून राहिली अन् हसूनही राहिली. म्हणे, माहं माहेर फुललं वं! अन् मले म्हणे, अंगणात बॉल आणला तं हात मोडीन.
उद्या मॅच हाय!!

१५ जून, रविवार
सौरव सात पोट्टे घेऊन आला. आईनं सगळ्या बॅटा गेटबाहेर ठेवायले लावल्या. सौरव म्हणे, काकू, मॅच? आई म्हणे, मॅच गेली खड्ड्यात, फुलं पाह्य. त्यानं झाडासोबत सेल्फी काढला. माह्या टर्फवर उभं राहून. माह्यासोबत नाही.
तेवढ्यात एसटीनं आजोबा आले. सगळ्यांले समजावू लागले: आम्ही नरखेडले मुद्दाम झाडाचं पाणी तोडतो. झाड वाळल्यावानी होते, पानं टाकते. त्याले ताण म्हणतात. मग पाणी सोडलं का बहार फुटते. इथं एवढा बरोबर ताण देल्ला कोणी?
आईनं माह्याकडे बोट दाखवलं. फुलं पाहाले जमलेल्या गल्लीनं टाळ्या वाजवल्या. सौरवनंही. हलकट.
आजोबा वाकले. टर्फ उचलून चिमूटभर माती जिभेवर ठेवली. माह्याकडे पाहिलं. हळूच म्हणे, एवढं पाणी मुरूनही माती खारट लागून राहिली गा.
मी मेलो.
मग मोठ्यानं आईले म्हणे, वच्छला, पोट्ट्याच्या हाताले गुण हाय. याले घेऊन जातो. माह्याकडे अडीचशे झाडं हायेत.

१९ जून, गुरुवार, नरखेड
पाईप ओढून ओढून हाताले फोड. मोबाईलले रेंज नाही, विहिरीच्या काठावर चढलो तं एक दांडी येते. आजोबा दर झाडापाशी थांबून विचारते, मीठ देऊ का गा?
आईचा फोन आला. टर्फ उखडून, कापून तिनं पायपुसण्या केल्या. गल्लीत वाटल्या. एक सौरवच्या घरी गेली.
अन् म्हणे, पयलं संत्रं तुलेच देईन, बाप्पा. तू वाचवलं त्याले.
फोन ठेवल्यावर जेवण नाही गेलं.
जो कोणी ही वही वाचून राहिला, त्याच्या पाया पडतो. खाजखुजलीचं सांग, टर्फचं सांग, मुंग्यांचंही सांग. मिठाचं आईले नोको सांगू बे. कोणालेच नोको. माहेर म्हणते ती त्याले.