तिघांचा चौथा

८ नोव्हेंबर, शुक्रवार

आलो एकदाचे सिहोऱ्याला. बँकेने बढती दिली आणि इस्लामपूरहून उचलून थेट भंडारा जिल्ह्यात आणून ठेवलं. आई रडली, पण मला इथे उतरल्याबरोबर बरं वाटलं. तुमसरपासून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पिवळा धान. काही बांध्यांत, म्हणजे इथल्या भाताच्या तुकड्यांत, कापणी झालेली, काहींत बायका वाकलेल्या. सहा वर्षांची दामिनी खिडकीतून प्रत्येकीला हात करत होती.

घर रुखमाबाईंचं. मागच्या खोलीत त्या एकट्या राहतात, पुढच्या दोन खोल्या आमच्या. अंगण सामाईक, मधोमध तुळस. तुळशीच्या पायाशी राखाडी, गुळगुळीत गोटा आहे, नारळाएवढा नाही, पण मुठीत जेमतेम मावेल असा. त्याला रोज तेल लावतात म्हणे. हा देव आहे का, असं दामिनीने विचारलं. रुखमाबाई हसल्या. देव नाही, घरातलाच आहे, म्हणाल्या.

याआधी त्यांनी एका एकट्या मास्तरला आणि दोन मुलं असलेल्या एका जोडप्याला जागा नाकारली होती. आम्ही तिघं आहोत म्हटल्यावर लगेच हो म्हणाल्या. माझा नवरा विनोद भलताच खूश. त्याचा जन्म तीन तारखेचा, मोबाईलचा शेवटचा आकडा तीन, कॉलेजात जर्सीवरचा नंबरही तीन. सामान लावताना म्हणाला, बघ, माझा आकडा इथेही पोचला.

१० नोव्हेंबर, रविवार

आज चांदपूरचा तलाव पाहिला. रिक्षा दारात उभी होती, आम्ही चपला घालत होतो, तेवढ्यात रुखमाबाई लगबगीने आल्या.

"तिघं कायले निघता बाई? चौथा संगं घ्या."

आणि तुळशीजवळचा तो गोटा पदराने पुसून त्यांनी दामिनीच्या ओंजळीत ठेवला. आमच्याकडेही आजी म्हणायची, तीन तिगाडा काम बिगाडा. तिघं निघाले की खिशात खडा टाकायची. इतक्या लांब येऊन तीच रीत भेटली म्हणून मला गहिवरूनच आलं. विनोद म्हणाला, हा पाहुणा बरा, याला जागा लागत नाही.

तलाव सुंदर आहे. दामिनीने गोटा काठावर ठेवला, त्याच्यापुढे एक भजं ठेवलं. परत आल्यावर मी तो रुखमाबाईंना द्यायला गेले. त्यांनी हात मागे घेतले. राहू द्या पोरीजवळ, म्हणाल्या, त्याला लेकरांची सवय आहे.

१३ नोव्हेंबर

तुळशीचं लग्न लागलं. रुखमाबाईंनी ऊस बांधला, दामिनीने अक्षता टाकल्या, अर्ध्या माझ्या केसांत. दामिनी गोट्याला मोनू म्हणते. कुणी शिकवलं विचारलं, तर म्हणते, त्यानेच सांगितलं. रुखमाबाई दिवा लावत होत्या. त्यांचा हात थांबला. मग दामिनीजवळ बसून त्यांनी तिला ते नाव पुन्हा म्हणायला लावलं. आणखी एकदा लावलं. डोळे पदराने पुसत होत्या. मला त्यांची दया आली, का ते कळलं नाही.

१५ नोव्हेंबर

विनोद पुण्याला गेला. घरून काम म्हणता म्हणता कंपनीने दहा दिवस बोलावून घेतलं. तो गेल्यावर दामिनीने जेवायला तीन ताटं मांडली. मी एक उचललं तर तिने ते पुन्हा मांडलं. म्हणाली, आई, आता आपण तिघंच आहोत ना.

१६ नोव्हेंबर

बँकेत रिताला गोट्याचं हे सगळं हसत हसत सांगितलं. रिता तुमसरहून रोज बसने येते, आमची कॅशियर, दिवसभर सगळ्यांची थट्टा करते. आज केली नाही.

"अवो मॅडम, रस्त्यावरचा खडा घेतात अन् तिथंच टाकून येतात. घरचा काहून घेतला तुमी? अन् वापस काहून आनला?"

मग तिने खालच्या आवाजात सांगितलं. रुखमाबाई, त्यांचा नवरा यादोराव आणि मुलगा मोनू, असे तिघंच एकदा चांदपूरला गेले होते. संध्याकाळी दोघंच परतले. तलावात आठवडाभर शोधलं, मुलगा मिळाला नाही. रुखमाबाई काठावरून एक गोटा उचलून घरी आल्या. यादोरावही पुढे वारले.

संध्याकाळी मी गोटा तुळशीजवळ ठेवून आले. चहा उकळेपर्यंत तो पुन्हा दामिनीच्या मांडीवर होता. तिने आणला असेल. तिनेच आणला असेल.

१८ नोव्हेंबर

दामिनी सकाळी उठेना. पाय थंड आहेत, म्हणाली. मोजे घातले. गरम पाण्यात ठेवले, तर पाणीच थंड झालं. दुपारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांना काही सापडलं नाही. भंडाऱ्याला तपासण्या करून घ्या, म्हणाले. येताना रिक्षातून तिला उचलून आत आणताना माझी कंबर लचकली. एरवी माझी दामू वजनाला पिसासारखी. तीन दिवसांपूर्वी तर तिला कडेवर घेऊन नाचले होते.

गोटा हातात घेतला. कोमट होता. आणि हलका, पावासारखा.

१९ नोव्हेंबर

भंडाऱ्याला न्यायला रिक्षा बोलावली. दामिनीला उंबऱ्याबाहेर काढता आलं नाही. मी आणि रिक्षावाला दोघांनी धरलं, तरी ती जागची हलेना. तो घाबरला, पैसे न घेताच गेला. ती रडली नाही. फक्त म्हणाली, आई, मोनूला आता चालता येतं.

विनोदला फोन केला. आधी हसला. मग तिचा आवाज ऐकला. तिकीट मिळेल त्या गाडीने निघतो, म्हणाला.

२० नोव्हेंबर

रजा घेतली. गोटा घरामागच्या विहिरीत टाकला. पाण्याचा आवाज आला नाही. घरात आले तर दामिनीजवळ होता. तिच्या गुडघ्यापर्यंतची कातडी राखाडी, गुळगुळीत. मी त्यावर गाल टेकवला. तेलाचा वास.

अंगणातल्या धुळीत लहान पावलं. दामिनीची नाहीत. ती तीन दिवस अंगणात गेलेली नाही.

२१ नोव्हेंबर

रुखमाबाईंच्या पाया पडले. लाज नाही वाटली. त्यांनी मला उठवलं, पाणी दिलं, माझे केस मागे सारले. माझी आई सारते तसे. मग म्हणाल्या,

"तिघांत एकाले गोटा व्हा लागते बाई. माह्या लेकरानं लई वर्सं केलं. आता दुसऱ्यानं करावं."

मी म्हणाले, माझं लेकरू सहा वर्षांचं आहे.

"माहं बी सा वर्साचंच होतं."

राग यायला हवा होता. त्यांच्या जागी मी असते, तर मी तरी काय—

उठताना त्यांनी एवढंच म्हटलं: कुणी व्हायचं ते त्यांच्या हातात नाही. आपणहून, आपला म्हणून जो धरेल त्याच्या वाट्याला येतं. दामिनीने धरला, बस्स.

जो धरेल.

२२ नोव्हेंबर

विनोद उद्या सकाळी तुमसर रोड स्टेशनला उतरतोय. तोवर थांबता येणार नाही. दामूच्या कमरेपर्यंत आलंय. डोळे मिटत नाहीत.

दुपारपासून दारामागे कुणी तरी हसतं. लहान मुलासारखं. छान हसतं.

२२, संध्याकाळ

तिच्या हातातून सोडवून घेतला. बोटं एकेक करून. उजव्या मुठीत धरलाय, डाव्या हाताने लिहितेय. अक्षर लागत नसेल.

मोठ्याने म्हटलं, तिघांत मी. गोटा मी.

आधी काहीच नाही. मग मुठीत काही तरी विरघळल्यासारखं झालं. उघडली. रिकामी.

दामू उठून बसली. भूक लागली म्हणाली. माझी दामू. पळाली अंगणात—

अंगणात दोघांची पावलं. रुखमाबाई दोघांना हाका मारतायत, भात वाढलाय म्हणून. त्यांचा आवाज किती हलका झालाय.

पाय थंड. दगडासारखे थंड. दुखत नाही.

विनोद, उद्या तू येशील तेव्हा मी घरात दिसणार नाही. दामूला रागावू नकोस. तिच्याबरोबर एक मुलगा असेल, त्यालाही नको. मला शोधू नकोस. तुळशीपाशी बघ. विहिरीत टाकू नकोस, तेल नाही लावलंस तरी चालेल, फक्त उन्हात ठेव, आणि कधी तुम्ही तिघं बाहेर निघालात ना, तर विसरू नकोस, मला बरोब—